एकाच गटाराचे सोयरे

"अक्का, ते पोतं तसं उघडं टाकू नका हो. आभाळ भरून आलंय."

"हे होय? पोरानं आणलंय बघा. गुलाबाला घाल म्हणालाय. मिलवॉकीचं खत, लई भारी म्हणे. पण वहिनी, वास मला कुठंतरी ओळखीचा वाटतोय की हो."

"वाटणारच. सोनखत आहे ते."

अक्कांनी पोत्यातला हात असा काही बाहेर काढला की मूठभर खत माझ्या पुदिन्यावर येऊन पडलं. आमचं कुंपण कमरेइतकंच, त्यामुळे इकडचं तिकडे व्हायला वेळ लागत नाही. अक्का सांगलीच्या, मुलाकडे शिकागोला आलेल्या. मी इथे निम्मा जन्म काढलेला, त्यातली बरीच वर्षं वाचनालयात, जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत. म्हणजे मला जुन्या भानगडी ठाऊक आणि अक्कांना ऐकायला वेळ.

"घाबरू नका, भट्टीत वाळवलेलं असतं. मिलवॉकी शहराच्या मैलापाण्यातला गाळ. १९२६ पासून पोत्यांत भरून विकतायत."

"स्वतःची घाण विकतात? आणि लोक पैसे देऊन घेतात?"

"तुमच्या मुलानं घेतलीच की. पण खरी गंमत पुढे आहे. मिलवॉकी पडलं विस्कॉन्सिन राज्यात. ते शहर इकडे गाळ वाळवून विकत होतं आणि तिकडे त्यांचं राज्य आपल्या शिकागोशी सुप्रीम कोर्टात भांडत होतं. कशावरून, तर गटारावरून."

"थांबा, मेथी घेऊन येते. निवडता निवडता ऐकते."

मेथी आली, परात कुंपणाच्या फळीवर बसली आणि मी सुरू झाले.

शिकागो पाणी पितं मिशिगन सरोवराचं. शिकागो नदी, जिच्यात गावाची सगळी घाण आणि कत्तलखान्यांचं रक्तमांस जायचं, तीही पूर्वी वाहायची त्याच सरोवरात. १८९१ साली इथे विषमज्वरानं लाखामागे १७४ माणसं मेली. मग यांनी नदीच उलटी फिरवली. २८ मैलांचा कालवा खणला, सरोवराच्या पाण्याचा रेटा दिला आणि सगळी घाण पार इलिनॉय नदीतून मिसिसिपीकडे लावून दिली.

"आणि मिसिसिपीच्या काठावर माणसं नव्हती?"

"अख्खं सेंट लुइस होतं की."

"मग त्यांनी गप ऐकून घेतलं?"

"छे. कोर्टाची मनाई यायच्या आत उरकायचं म्हणून सॅनिटरी डिस्ट्रिक्टचे, म्हणजे मैलापाण्याचं काम बघणाऱ्या इथल्या संस्थेचे, विश्वस्त २ जानेवारी १९०० ला भल्या सकाळी, फारसा गाजावाजा न करता कालव्यावर गेले. मधला बांध फोडायचा होता. माती थंडीनं गोठलेली, हटता हटेना. शेवटी यंत्रानं उपसली आणि पाणी आत घेतलं. पंधरवड्यात मिसुरी राज्य कोर्टात हजर. पण पाणी तर सुटलेलं."

अक्का हसल्या. "आमच्याकडं बांध असाच रात्रीत सरकतो."

"त्या केसमध्ये एक प्रयोगसुद्धा झाला. १०७ पिंपं भरून निरुपद्रवी जंतू कालव्यात ओतले आणि ते सेंट लुइसपर्यंत पोचतात का ते पाहिलं. दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी आपापल्या सोयीचं सांगितलं. १९०६ साली निकाल शिकागोच्या बाजूनं लागला. न्यायमूर्ती होम्स यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मिसुरीचा आरोप सिद्ध होत नाही आणि मिसुरीची गावंही आपली घाण त्याच नदीत सोडतात."

"म्हणजे दोघांचेही हात बरबटलेले."

"हो. पण दुसरी केस अवघड गेली. नदी उलटी ठेवायची तर सरोवराचं पाणी सतत ढकलत राहायला लागतं. वस्ती वाढली तसं जास्त जास्त. हे पाणी खाली मिसिसिपीला जातं, परत येत नाही. सरोवरांची पातळी सुमारे सहा इंचांनी उतरली. जहाजं कमी माल भरायला लागली, बंदरं बोंबलायला लागली. विस्कॉन्सिन, मिशिगन, ओहायो, न्यू यॉर्क, सगळे एक झाले. २१ एप्रिल १९३० ला सुप्रीम कोर्टाचा हुकूम आला. शिकागो त्याआधी साडेआठ हजार क्युसेक ओढत होतं—"

"क्युसेक मला समजावू नका हं. सांगलीत पावसाळ्यात बारकं पोरसुद्धा सकाळी उठून कोयनेतनं किती सोडलं ते विचारतंय."

"मग सोपंच झालं. पिण्याचं पाणी सोडून, ३१ डिसेंबर १९३८ पर्यंत पंधराशे क्युसेकवर या, असा हुकूम."

"साडेआठ हजाराचं पंधराशे? मग घाण वाहायची कशी?"

"वाहायचीच नाही. साफ करायची. सगळ्या शहराचं मैलापाणी मोठ्या वाहिन्यांनी गोळा करा, शुद्धीकरण केंद्रांत न्या, हवा फुंकून जंतूंकडून खाऊन घ्या, गाळ वेगळा काढा आणि उरलेलं पाणी कालव्यात सोडा. हातात आठ वर्षं. आणि हे कधी, तर १९३० साली. आदल्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळलेला."

इथे मी जरा थांबले, कारण पुढचं शिकागोचं चित्र मला अजून नीट सांगता येत नाही. जुनी वर्तमानपत्रं चाळताना एका पानावर मोटारींच्या जाहिराती आणि दुसऱ्यावर रँडॉल्फ स्ट्रीटच्या टोकाला बेकारांनी पत्र्याफळ्यांच्या उभ्या केलेल्या झोपड्या. त्यांनी आपल्या गल्ल्यांना नावंसुद्धा दिली होती, 'समृद्धी मार्ग' अशा थाटाची. अल कपोननं सूपचं अन्नछत्र काढलं होतं, ते याच गावात. शहराचा कर वसूल होत नव्हता. मालमत्तेची फेरआकारणी रखडलेली आणि वर कर न भरण्याची चळवळ. शाळेच्या शिक्षकांना महिनोन्‌महिने पगार नाही, दिला तर कागदी वचनचिठ्ठीत. एप्रिल १९३३ मध्ये ते शिक्षक बँकांवर चालून गेले.

"मास्तर लोक? बँकेवर?"

"मास्तर आणि मास्तरणीसुद्धा. आणि त्याच उन्हाळ्यात गावात जागतिक प्रदर्शन भरलेलं. नाव, 'शतकाची प्रगती'. लोक लांबून लांबून आले, हॉटेलांत उतरले आणि आमांश घेऊन घरी गेले. दोन शेजारशेजारच्या मोठ्या हॉटेलांत जुने नळ आणि जुनी ड्रेनेजची पाइपं अशी गुंतलेली की घाण पिण्याच्या पाण्यात उतरली. चौदाशेच्या वर लोक आजारी, ९८ मेले."

अक्कांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "एवढी श्रीमंती आणि संडासाचं पाणी पिण्यात."

"म्हणून सांगते, कोर्टाचा हुकूम नुसता कागदावर राहिला असता. सॅनिटरी डिस्ट्रिक्टकडे पैसाच नव्हता. मे १९३३ मध्ये शेजारची राज्यं परत कोर्टात गेलेली, तेव्हा कोर्टानं सरळ इलिनॉय राज्याला बजावलं की डिस्ट्रिक्टला जमत नसेल तर पैशाची सोय तुम्ही करा. राज्य तरी कुठून करणार? आणि बघा कसा योग, पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला आणि पब्लिक वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे पीडब्ल्यूए, उभं राहिलं. ३३० कोटी डॉलर. लोकांना काम द्या, देशाला धरणं-पूल-गटारं द्या. स्थानिक संस्थेला खर्चाचा काही भाग फुकट, आधी तीस टक्के, पुढे पंचेचाळीस, आणि उरलेल्याला कर्ज."

"आणि ते वाटणारा कोण?"

"आता आली खरी गोष्ट. वाटणारा शिकागोचाच. हॅरल्ड इकीस. गृहखातं म्हणू नका, इथलं 'इंटिरिअर' म्हणजे सरकारी जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानांचं खातं, त्याचा मंत्री. शिकागोच्या पुढाऱ्यांशी आयुष्यभर भांडलेला वकील. भयंकर तुसडा आणि भयंकर प्रामाणिक. लोक 'प्रामाणिक हॅरल्ड' म्हणायचे, तेही त्याला आवडायचं नाही. प्रत्येक कंत्राटावर स्वतः नजर, हाताखाली तपासनीसांची फौज. पैसा खाल्ला जाऊ नये म्हणून इतका जपून खर्च करायचा की बेकार लोक वाट पाहून थकले."

"आणि दुसरा?"

"दुसरा असणारच हे कसं ओळखलंत?"

"एकटा माणूस कुणाशी भांडणार?"

दुसरा हॅरी हॉपकिन्स, आयोवाचा, समाजसेवक, अंगानं काडीसारखा. मे १९३३ मध्ये कामावर आला आणि पहिल्या काही तासांत राज्यांना पन्नास लाख डॉलर वाटून मोकळा झाला. त्याचं म्हणणं, दूरचा विचार नंतर करू, माणसाला जेवण रोज लागतं. त्या हिवाळ्यात त्यानं सीडब्ल्यूए नावाची योजना काढली आणि काही आठवड्यांत चाळीस लाख माणसं कामाला लावली. चार-पाच महिन्यांत देशभर एक कोटी वीस लाख फूट गटाराची पाइपं घातली. मग १९३५ च्या मे महिन्यात आली वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन, डब्ल्यूपीए.

"पीडब्ल्यूए आणि डब्ल्यूपीए? नावं तीच की उलटीसुलटी."

"इकीसनं अगदी हाच संशय धरला होता! हॉपकिन्सनं मुद्दाम असं नाव घेतलं म्हणे, लोकांचा घोटाळा व्हावा म्हणून. दोघं एकाच वाड्यातल्या जावा होत्या हो, चूल वेगळी आणि कोठीची किल्ली सासऱ्याकडे. सासरा म्हणजे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट, दोघींना गोड बोलायचा. ठरलं असं की पंचवीस हजार डॉलरच्या वरचं काम इकीसकडे, खालचं हॉपकिन्सकडे. मग हॉपकिन्सची माणसं मोठ्या कामाचे तुकडे करायची आणि प्रत्येक तुकडा पंचवीस हजाराच्या आत बसवायची."

अक्का इतक्या हसल्या की मेथीची पानं उडाली.

वाटणी साधारण अशी झाली. शिकागोची मोठी केंद्रं, मोठ्या वाहिन्या आणि पंपिंग स्टेशनं ही इकीसच्या पैशाची, कंत्राटदारांमार्फत. फुटपाथ, रस्ते, बागा आणि देशभरातली गल्लीबोळांतली ड्रेनेजची कामं हॉपकिन्सच्या माणसांची, थेट हजेरीवर. अजूनही जुन्या वस्त्यांत फुटपाथच्या काँक्रीटमध्ये डब्ल्यूपीए ही अक्षरं उमटवलेली दिसतात, चालताना खाली बघत चला.

"रोजगार हमीसारखंच की हो," अक्का म्हणाल्या. "बाहत्तरच्या दुष्काळात मी खडी फोडल्याली आहे. लग्न नुकतंच झालं होतं. दुपारी सुकडी मिळायची. आणि गावातली जमीनवाली माणसं बांधावर उभी राहून म्हणायची, बघा, निस्त्या बसल्यात, फुकटचा पगार."

"इथेही तेच. फावड्याला टेकून उभा असलेला डब्ल्यूपीएचा मजूर हा नाटकातला ठरलेला विनोद होता. त्या अक्षरांचा अर्थ लोकांनी लावला 'वी पोक अलाँग', म्हणजे आम्ही रेंगाळतो. मजुरी किती? दक्षिणेतल्या खेड्यात अडाणी मजुराला महिना १९ डॉलर, उत्तरेतल्या शहरात शिकल्यासवरल्याला ९४. बेकार लेखकांनाही याच खात्यातून पगार मिळाला. रिचर्ड राइट, सॉल बेलो, शिकागोचेच. त्यांना तर टेकायला फावडंही नव्हतं."

"आणि बायका?"

"घरटी एकालाच काम, तेही कुटुंबप्रमुखाला. म्हणजे नवरा. ज्या बायकांना मिळालं त्यांतल्या बहुतेक शिवणाच्या खोल्यांत, कपडे शिवायला."

"म्हणजे आम्हीच बऱ्या. आम्हाला खडी तरी फोडू दिली."

यावर मला उत्तर नव्हतं. मी त्यांना दुसरा आकडा दिला. डब्ल्यूपीएनं आठ वर्षांत देशभर सुमारे २४ हजार मैल गटारं टाकली आणि खेड्यापाड्यांत २३ लाख संडास बांधले. संडासांचा आकडा अक्कांना जास्त आवडला.

पण माझं मन अजून शिकागोच्या जमिनीखाली होतं. इथे खाली निळसर चिकणमाती आहे, मऊ आणि चिवट. त्यात बोगदा खणायचा म्हणजे सुऱ्यांनी कापे काढायचे, खरवस कापतात तसे म्हणणार होते, पण त्या बोगद्यांत काय झालं ते आठवलं आणि जीभ आवरली. १३ एप्रिल १९३१. बाविसाव्या रस्त्याजवळ सॅनिटरी डिस्ट्रिक्टची वाहिनी जमिनीखाली चालू होती. गळती बघायला मेणबत्ती नेली, तिनं लाकडाचा भुसा पेटला. आग दिसेना, नुसता धूर. आत गेलेल्या मजुरांना काढायला अग्निशामक दलाची माणसं उतरली आणि तीही अडकली. अकरा मेले, त्यांत चार अग्निशामक जवान. शेवटी धूर ओढून बाहेर टाकणारी एक गाडी मागवली, तेव्हा अडकलेली बरीच माणसं जिवंत निघाली.

"गाडी कुठनं आणली?"

"केनोशाहून."

"ते कुठं आलं?"

"विस्कॉन्सिनमध्ये."

"केस घातली होती त्यांच्याकडनं?"

"त्यांच्याकडूनच. हुकूम येऊन वर्षही झालं नव्हतं."

अक्का काही बोलल्या नाहीत. काड्या एका बाजूला करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग एवढं झाल्यावर काम चोख झालं असेल."

"काम चोख झालं. माणसांचं विचारू नका. या डिस्ट्रिक्टचं १९२० च्या दशकातलं राज्य लोक अजून 'हूपी'चा काळ म्हणून ओळखतात, म्हणजे नुसती चंगळ. पुढाऱ्यांचे भाचे-पुतणे हजेरीपटावर, कामाचा पत्ता नाही, कंत्राटं दामदुपटीनं. प्रकरण कोर्टात गेलं. त्या काळात डिस्ट्रिक्टचा मुख्य इंजिनिअर होता एडवर्ड केली. आरोपपत्रात त्याचंही नाव आलं, मग वगळलं गेलं. आयकराचं एक लचांड होतं, ते पैसे भरून मिटवलं. आणि १९३३ साली तो काय झाला असेल?"

"तुरुंगात गेला?"

"महापौर झाला."

"अगं बाई!"

"आधीचा महापौर सेरमॅक. मायामीत रूझवेल्टवर कुणीतरी गोळ्या झाडल्या, त्यातली एक त्याला लागली, मार्चमध्ये गेला. पक्षानं केलीला बसवलं. म्हणजे आता पैसे देणार शिकागोचा इकीस, ज्याला केली डोळ्यांसमोर नको. घेणार केलीचं गाव, आणि खर्च करणार केलीचं जुनं खातं."

"आणि वर्तमानपत्रवाले गप्प?"

"शिकागो ट्रिब्यूनचा मालक कर्नल मॅकॉर्मिक. रूझवेल्टचा हाडवैरी. रोज सकाळी लिहायचा, सरकार आळशांना पोसतंय, देश बुडाला. आणि हा कर्नल तरुणपणी, १९०५ ते १९१०, कशाचा अध्यक्ष होता माहितीय? याच सॅनिटरी डिस्ट्रिक्टचा. केलीला वर चढवला तो यानंच. दोघांची दोस्ती शेवटपर्यंत टिकली, एक रूझवेल्टचा माणूस आणि एक शत्रू असूनसुद्धा."

"एका गटाराचे सोयरे सगळे."

मला विचाराल तर हे काम झालं ते यांच्यापैकी कुणाच्या पुण्याईनं नाही. शेजाऱ्यांनी कोर्टात ओढलं म्हणून तारीख पडली आणि लाखो माणसं रिकाम्या पोटी बसली होती म्हणून पैसा आला. यातलं एक नसतं तर शिकागोनं आणखी वीस वर्षं घाण पुढे ढकलली असती. गटारासाठी कुणी आपणहून मतं देत नाही. भुयारी रेल्वेचं बघा ना. तिलाही पीडब्ल्यूएचा पैसा. डिसेंबर १९३८ मध्ये तिचं काम सुरू झालं तेव्हा इकीस आणि केली एकाच मांडवात, हजारो लोकांसमोर. आणि त्याच महिन्याअखेर शिकागोनं सरोवराचं पाणी पंधराशे क्युसेकवर आणलं, त्याला ना मांडव ना वाजंत्री.

"म्हणजे तारीख पाळली?"

"पाण्याची पाळली. स्टिकनीचं मोठं नैऋत्य केंद्र मात्र १९३९ च्या मे महिन्यात चालू झालं. आज ते जगातल्या सगळ्यात मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. पण पाणी कमी झालं तसा खालच्या जोलिएट-लॉकपोर्टकडच्या लोकांना वास यायला लागला आणि इलिनॉय १९४० साली पुन्हा कोर्टात. थोडं जास्त पाणी द्या म्हणे. कालवा धुण्यापुरतं थोडे दिवस मिळालं, कायमचं नाही."

"बरं केलं. आणि तो केली? इतका गटारातला जाणकार, पुढं काय झालं त्याचं?"

"चौदा वर्षं खुर्ची सोडली नाही. १९४७ साली त्याच्याच पक्षानं त्याला तिकीट नाकारलं. शाळांमधल्या भानगडी, काळ्या लोकांना कुठेही घर घेता यावं अशी त्यानं घेतलेली बाजू, अशी पुष्कळ कारणं होती. आणि एक कारण असं, की गल्लीतला कचरा वेळेवर उचलला जात नव्हता."

अक्कांनी परात उचलली. "कचरा डोळ्याला दिसतो, वहिनी. थांबा, थोडी मेथी देते तुम्हाला. हिला ते खत घातलेलं नाही."